टेबलाचे दुसरे टोक

मी एक जुने टेबल आहे. मुक्वाच्या लाल लाकडाचे, आठ माणसे बसतील एवढे. कित्वे शहरात, मोठ्या दवाखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला मी उभा असतो. येणारे-जाणारे कधीकधी हळहळतात. "केवढं देखणं टेबल, आणि इथं धुळीत!" मित्रांनो, त्यांची हळहळ त्यांच्यापाशीच राहू दे. मला ती नको आहे. मी इथे कसा आलो, ते आधी ऐका.

लाकडाच्या बाजारात एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. मला करवून घेणारे होते कतोंगो साहेब. शिक्षण खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या बंगल्यात मक्याची घट्ट उकड, म्हणजे आमची रोजची न्शिमा, तीसुद्धा काट्याचमच्याने खाल्ली जायची. त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, बुपेने, शिक्षिकेचा अभ्यास अर्ध्यात सोडला आणि खाणीतल्या एका कामगाराशी लग्न ठरवले. चर्चमध्ये दोघे एकत्र गात असत, तिथेच ते जमले होते. साहेबांनी अबोला धरला, मग माघार घेतली, आणि मग ते सुताराकडे आले.

"असं टेबल कर," ते म्हणाले, "की बायको कुठल्या घरातून आणलीय, ते त्या माणसाला रोज आठवलं पाहिजे."

सुताराने माप घेतले. त्याने मला सुंदर केले. पण तेव्हा मी तिथेच नुसत्या फळ्या होऊन पडलो होतो, आणि ते वाक्य माझ्या कानावर पडले होते.

तो माणूस म्हणजे कलाबा. खाणीच्या तोंडाशी एका उंच खोलीत बसून तो माणसांचा पिंजरा खाली सोडायचा आणि वर ओढायचा. शेकडो जणांचा जीव त्याच्या हातातल्या दांड्यावर असायचा. वस्तीतले लोक त्याला वाट सोडत. खाणीने त्याला दोन खोल्यांचे घर दिले होते. मी त्या घराच्या दारात आलो आणि अडकलो. आडवा, तिरका, उलटा, कसाही आत जाईना. कलाबाने हसत हसत दाराची चौकट काढली, मला आत घेतले आणि चौकट पुन्हा बसवली. पुढची खोली माझ्यानेच भरली. भिंतीला पाठ घासत चालावे लागे.

कलाबाची आई लग्नाला उत्तरेकडच्या गावातून आली होती. आमच्याकडे आईला मुलाच्या नावाने ओळखतात, म्हणून ती सगळ्यांची बाना कलाबा. तिने मला एकदा तळहाताने चाचपले. "चांगलं झाड होतं," एवढेच म्हणाली आणि शेजारी चटई अंथरून खाली बसली. खुर्चीवर बसा म्हणून बुपेने पुष्कळ विनवले. ती बसली नाही.

पहिली तीन वर्षे बरी गेली. बुपे माझ्यावर कापड अंथरी. पाळी संपवून आलेला कलाबा अंग चोरून जेवायला बसे.

"अहो, कोपर टेका की टेबलावर," बुपे म्हणे.

"नको. तुझ्या बाबांचं टेबल आहे, दुखेल त्याला."

दोघेही हसत. त्यांची मुलगी म्वाबा माझ्याच पायाला धरून उभी राहायला शिकली.

मग खाण बंद झाली. एका सकाळी भोंगा वाजला नाही, आणि पुढे कधीच वाजला नाही. वस्तीतले पुरुष दारात बसू लागले. कलाबा दारात बसला नाही. तो माझ्यापाशी बसला, सकाळी बसायचा तो अंधार पडेपर्यंत. अर्ज लिहायचा, फाडायचा, पुन्हा लिहायचा. त्याची बोटे माझ्यावर टकटक करत. तीन ठोके म्हणजे पिंजऱ्यात माणसे चढली, एक ठोका म्हणजे थांब. वर ओढायला कोणी नव्हते, तरी बोटे थांबत नसत.

"मी काहीतरी काम बघते," बुपे म्हणाली.

"म्हणजे तुझ्या बाबांना बोलायला आयतंच सापडेल. नको."

"घरात पीठ नाहीये."

"मग एक खुर्ची विकून टाक."

एकेक करून खुर्च्या गेल्या. एकदा तो मलाही विकायला निघाला. गिऱ्हाईक आले, माझ्या पायांवर टिचकी मारून पाहू लागले. बुपे स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"हे विकायचं नाही. हे माझं आहे."

"तुझ्या बाबांचं आहे," कलाबा म्हणाला. हेच वाक्य पूर्वी दोघांना हसवायचे. आता गिऱ्हाईकसुद्धा मान खाली घालून निघून गेले.

एका रविवारी साहेब आले. चालकाने मक्याच्या पिठाचे पोते आणले. साहेबांनी ते कोपऱ्यात ठेवू दिले नाही. माझ्यावर, कलाबाच्या अगदी तोंडासमोर ठेवायला लावले.

"पीठ आहे जावईबापू. माझ्या मुलीसाठी आणि नातीसाठी. तुम्हीही खा. आता काय, बसूनच तर खायचंय."

कलाबा उठला आणि बाहेर गेला. त्या दिवसापासून तो घरात जेवेना. कुठे जेवायचा, की जेवायचाच नाही, कुणास ठाऊक. बुपे त्याचे ताट झाकून ठेवी आणि सकाळी उचली. दोघांतले बोलणे म्वाबामार्फत होऊ लागले. "तुझ्या बाबांना सांग." "तुझ्या आईला विचार." चार वर्षांची पोर इकडून तिकडे निरोप पोचवी आणि मधेच विसरून जाई.

त्याच दिवसांत बाना कलाबा गावाहून आली. डोक्यावर एक गाठोडे होते आणि गाठोड्यात वाळवलेले रानकंद. घरातली अवस्था तिने एका नजरेत ओळखली, पण काही विचारले नाही. अंगणात उखळ मागून आणले, कंद कुटले, शेंगदाण्याचे कूट केले, मीठ, तिखट, चिमूटभर सोडा घालून पातेल्यात घोटत बसली. झाकणावर निखारे ठेवले. गार झाल्यावर जी घट्ट लालसर लादी निघाली, ती चिकांदा. आमच्या उत्तरेकडच्या माणसाला तिचा नुसता वास आला तरी पाय थबकतात.

"पोरी, वड्या पाड," ती बुपेला म्हणाली.

बुपेने माझ्यावरचे कापड काढले. लादी ठेवली आणि सुरी चालवली. माझ्यावर पहिला काप पडला तो तेव्हा. मित्रांनो, मला वेदना झाली असेल असे तुम्हाला वाटेल. मला उलट जाग आली. साहेबांनी मला दाखवायला केले होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा उपयोगी पडलो.

शेजारच्या बायकांनी वड्या चाखल्या आणि आणखी मागितल्या. बुपे सासूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, मला शिकवाल? कुटण्यापासून?"

"तुझे हात सोलून निघतील."

"निघू देत."

महिनाभर तिचे हात सोलून निघाले. मग एका सकाळी तिने ठरवले, की मला दवाखान्यासमोर न्यायचे. तिथे आजाऱ्यांना भेटायला लांबून माणसे येत आणि भुकेली परत जात. पण मला बाहेर काढायचे तर चौकट पुन्हा काढावी लागणार होती.

"अहो, चौकट काढून द्या," ती कलाबाला म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याशी थेट बोलली होती.

"कलाबाची बायको रस्त्यावर कंद विकते, असं म्हणतील लोक."

"म्हणू देत."

"मी नाही काढणार."

बुपेने पटाशी घेतली. अर्धी सकाळ ठोकाठोक केली, अंगठा ठेचून घेतला, पण चौकट काढलीच. शेजारच्या पाच बायकांनी मला डोक्यावर घेतले. बाना कलाबा पातेले घेऊन पुढे चालली. वस्तीतून आमची मिरवणूक निघाली तेव्हा दारात बसलेले पुरुष उठून उभे राहिले.

धंदा चालला. बातमी साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एका शुक्रवारी भर दुपारी त्यांची पिकअप गाडी माझ्यासमोर थांबली.

"बुपे, उतरव ते सगळं. टेबल घरी चाललंय."

"कुणाच्या घरी, बाबा?"

"माझ्या. मी करून घेतलंय ते."

"मला लग्नात दिलंत ना?"

"घरात ठेवायला दिलं होतं. कतोंगोच्या मुलीनं रस्त्यावर कंद कापायला नाही!"

"गिऱ्हाइकं खोळंबलीत, बाबा. वड्या हव्या असतील तर रांगेत उभे राहा."

रांगेतली माणसे हसली. साहेबांचा चेहरा काळवंडला. त्यांनी माझे एक टोक धरले आणि उचलले. वड्या घसरल्या, दोन धुळीत पडल्या. एकट्याने मी हलणारा नव्हतो. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. रस्त्यापलीकडे झाडाखाली कलाबा उभा होता. गेले कित्येक दिवस तो तिथे येऊन नुसता बघत उभा राहायचा.

"कलाबा!" साहेब ओरडले. "बघतोस काय? ये, धर ते टोक!"

कलाबाने रस्ता ओलांडला. बुपे त्याच्याकडे बघत होती. तिने सुरी खाली ठेवली, जणू आता मदत येत होती.

कलाबा वाकला आणि त्याने माझे दुसरे टोक उचलले.

मित्रांनो, या दोन माणसांनी कधीतरी मिळून काही करावे, अशी माझी किती वर्षांची इच्छा होती. ती अशी पुरी झाली.

दोघांनी मला गाडीकडे चार पावले नेले. बुपे किंचाळली नाही. तिने शेजारी खेळत असलेल्या म्वाबाला कडेवर घेतले, पुढे आली, आणि सरळ माझ्यावर चढून बसली. मग तिने पातेल्यापाशी बसलेल्या सासूकडे हात केला. जी बाई कधी खुर्चीवर बसली नव्हती, ती बाना कलाबा एका हिसक्यात वर आली आणि सुनेशेजारी पाय सोडून बसली.

"उचला आता," म्हातारी म्हणाली. "दोन दोन पुरुष आहात. बघू तुमचा जोर."

रांगेतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. दवाखान्याच्या फाटकावरचा रखवालदारही बाहेर आला. आधी साहेबांचे हात सुटले, मग कलाबाचे.

बुपे खाली उतरली नाही. वरूनच ती नवऱ्याला हळू आवाजात म्हणाली, "आज घरी येऊ नका."

पंधरा दिवसांनी दोन्ही घरांची मोठी माणसे वस्तीतल्या आमच्या अंगणात जमली. त्या दिवशी मला दवाखान्यासमोरून तिथे परत आणले होते; ती माझ्याभोवतीच बसली, कोणी बाकावर, कोणी खोक्यावर. आमच्याकडे मामाचा शब्द मोठा. बुपेच्या मामाने विचारले, "नवऱ्याची नोकरी गेली, म्हणून सोडतेस?"

"नाही मामा. नोकरी गेली तेव्हा मी होते. खुर्च्या विकल्या तेव्हा होते. यांनी माझं अन्न नाकारलं, तेव्हाही ताट झाकून ठेवत होते. पण त्या दिवशी माझ्या बाजूला एक माणूस हवा होता, आणि यांनी दुसरं टोक उचललं."

सगळे कलाबाकडे वळले. 

"सासऱ्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती," तो म्हणाला. "त्या एका हाकेसाठी गेलो मी."

 साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"समजलं होतं मला ते," बुपे म्हणाली. "म्हणून तुमच्यावर राग नाही. पण परत नांदणं नाही."

साहेब घाईघाईने म्हणाले, "मग चल आपल्या घरी. तुझी खोली तशीच आहे."

"तिथंही नाही, बाबा. भाड्याची खोली बघितलीय मी. उद्या सकाळी मला पातेलं चढवायचंय."

फारकत ठरली. शेवटी कलाबाचा मामा उठला आणि बाना कलाबाला म्हणाला, "चल बहिणी. मुलाबरोबर निघ. आता इथं तुझं कोण आहे?"

म्हातारी हलली नाही.

"मी काय गाठोडं आहे, याच्या डोक्यावरून त्याच्या डोक्यावर जायला? मुलगा माझा आहे, त्याला मी कधीही भेटेन. पण चिकांदा कुणी घोटायची? हिला अजून सोड्याचा अंदाज येत नाही." ती बुपेकडे वळली. "सूनबाई, उद्या कंद कुटायचे आहेत. ऊठ."

"आता सून कुठली?" कोणीतरी म्हणाले.

"ते आम्ही दोघी बघू," म्हातारी म्हणाली.

कलाबा सोल्वेझीला गेला. तिथल्या खाणीवर तो डोंगराएवढा ट्रक चालवतो. म्वाबाला वह्या आणि बूट पाठवतो. मागे आला तेव्हा माझ्यापाशी उभा राहून त्याने दोन वड्या खाल्ल्या, कोपर टेकून. बुपेने त्याला पाणी दिले. दोघे बोलले ते मुलीच्या शाळेविषयी बोलले, आणि थेट बोलले. साहेब अजून गाडीतून उतरत नाहीत, पण गाडी थांबवतात आणि काच खाली करतात. बुपे वडी कागदात बांधून देते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे टेबल असेल, पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेले. त्याला धक्का लागू नये म्हणून तुम्ही अंग चोरून चालत असाल. तसे करू नका. त्यावर कणीक मळा, लोखंड ठोका, पोरांना नाचू द्या. आम्हाला उन्हात ठेवा, पावसात ठेवा, पण माणसाला त्याची पायरी दाखवायला ठेवू नका. त्या कामाला आम्ही उभे राहणार नाही.