दिवस थोरल्याचा, रात धाकट्याची

"बुडाला नाई! अजून बुडाला नाई! जू ठेव खाली, फुल्या!"

अमरसिंग कडब्याच्या गंजीवर चढून बोंबलत होता. खाली इहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालते त्या उतारावर, त्याचा लहाना भाऊ फुलसिंग बैलजोडी घेऊन उभा. बांधावरून आमी सारे पाहून राह्यलो होतो, दिवस त टेकडीमांगं कवाच गेलता. पन अमरसिंगचं म्हननं एकच, गंजीवरून मले अजून नखभर दिसते, तोवर मोट माही!

फुलसिंगची बायको लालीबाई थोरल्या दिरासमोर घुंगट काढे, एक शब्द बोलत नसे. पन बोलायचंच असलं का ती बैलाले बोले. तिनं बैलाच्या पाठीवर थाप मारली अन मोठ्यानं म्हने, "काबे राज्या, तू बी चढ नं गंजीवर! तिथं दिवस बुडतच नाई म्हनते. वरून कडबा बी खायले भेटन."

मानसं खो-खो हासली. अमरसिंग रागारागानं उतराले गेला, त गंजीच ढासळली अन बेटा पेंढ्यायसंगं खाली आला.

आता हे भांडन कायचं, ते सांगतो. मी मारोतराव. यायच्या वावराले लागूनच माहं वावर, म्हनून सारं डोळ्यादेखत झालं. यायचा बाप मेला तवा जेठ महिना होता. वावराचे दोन तुकडे झाले, पन इहीर एकच. यायच्या बंजारा तांड्याचा मुखिया म्हंजे नाईक, त्यानं सांगितलं, एकानं दिवसा मोट हानाची, दुसऱ्यानं राती. थोरला म्हनून अमरसिंगले पयले मागायचा मान. जेठाचा दिवस तो, सरता सरत नाई. "मले दिवस द्या," म्हने, "निंगाल्यापासून बुडेपर्यंत." अन घरी जाऊन बायकोले सांगे, "फुल्याले रात देली वो. डोळा लागत नाई त उजाडते." आठ दिवस मिशीले तेल लावून फिरला.

कार्तिकात गहू पेरला, अन अमरसिंगचा दिवस आटाले लागला. सकाळी धुक्यातून निंगाले दिवस मागंपुढं पाहे, अन सांजच्याले आणखी चार मोटा हानाव म्हनलं त बुडून मोकळा. त्यात याची सवय अशी, का उठला का चहा, चहा झाला का चिलीम, चिलीम झाली का दारव्ह्याच्या बाजारातल्या गोठी. अर्धा दिवस त यानं सोताच फुकून टाकला. तिकडे फुलसिंग अन लालीबाई आलटून-पालटून निजत, अन थंडीत कुडकुडत रातभर मोट हानत. वेगळं झाल्यावरचा त्यायचा पयलाच गहू. हा गेला असता त सालभर दुसऱ्याच्या वावरात राबाव लागलं असतं. लालीबाईच्या हाताले फोड आले, पन गहू हिरवागार. थोरल्याचा पिवळा पडला. मंग अमरसिंगनं शोध लावला का लहान्यानं माहा दिवस चोरला.

नाईकापुढं बैठक बसली. सारा तांडा गोळा झाला.

"नाईक, जेठात देलता तो दिवस मले पुरा पाह्यजे," अमरसिंग म्हने. "हा केवढुसा झाला पाहा! बाकीचा याच्या रातीत गेला."

फुलसिंगनं भावापुढं हात जोडले. "भिया, मी काय दिवस कापून नेला का?"

नाईक पेचात पडला. वाटनी त त्यानंच केलती. त्यानं शाळेच्या धर्मपाल मास्तरले बलावलं. तीन सालाआंधी बुद्धाची दीक्षा घेतलेला जवान मानूस, मनगटाले घड्याळ बांधे, अन आभाळातल्या भानगडी त्याले ठाव्या.

मास्तर म्हने, "चोरी कोनाची नाई. धरती कलती हाये. म्हनून जेठात दिवस तेरा तासावर जाते, अन पुसात अकराच्याही आत येते."

नाईक भडकला. "धरती कलती हाये? मंग इहीर सांडत काहून नाई?"

साऱ्यायले पटलं. मी बी मान हलवली, खोटं कायले बोलू!

"बरं, ते राहू द्या," मास्तर म्हने. "सध्या रात तेरा तासाची हाये, सालातली सगळ्यात मोठी. पन परवापासून..."

"तेरा?" अमरसिंग उभाच झाला. "मंग मले रात पाह्यजे!"

"अहो, पुढचं त आयका. परवापासून रात..."

"मास्तर, तुमी बसा! तुमचं काम झालं."

मास्तर बसला. पुढचं कोनीच विचारलं नाई. फकत लालीबाई बायकायच्या घोळक्यातून सरकत आली, त्याले हळूच काई विचारलं, अन घुंगटातल्या घुंगटात मान डोलावली. मंग तिनं असा हंबरडा फोडला का कुत्रे भुकाले लागले. "आमची रात नोका नेऊ वो! आमाले दिवसावर नोका टाकू!" फुलसिंग भोळा मानूस, तिचं रडनं पाहून खरंच रडाले लागला. ते दोघं रडताना पाहून अमरसिंगची खात्री पटली का माल चोख हाये.

"आत्ताच करा," म्हने, "अन जलमभरासाठी करा. पुन्हा कोनी तोंड उघडाचं नाई." त्यानंच इहिरीचं पानी आनवलं, अन दोघा भावायनं ते ओंजळीत घेऊन शपथ खाल्ली.

झालं! सालातली मोठी रात अमरसिंगच्या पदरात पडली. पयल्याच राती घोंगडी पांघरून गेला, दहाक मोटा हानल्या, बैलाचा नाडा सोडला अन म्हने, जरा टेकतो. धनी घोरून राह्यला हे पाहून बैल सरळ गव्हात शिरले. सकाळी पाहते त अर्ध वावर साफ! दुसऱ्याचे बैल असते त ओरडून कोंडवाड्यात घातले असते, पन आता आपल्याच बैलाले कोंडवाड्यात कोन नेते?

इकडे लालीबाई अन फुलसिंग उजाडलं का मोटेवर. दिवस रोज थोडा थोडा त्यायच्या बाजूनं सरकत गेला, अन होळीच्या वक्ती रातीच्या बरोबर आला. त्यायचा गहू खळ्यावर पडला. मी मूठभर दाने उचलले, बापा, काय भरलेला दाना होता! मले खरंच आनंद झाला. अमरसिंग पुन्हा नाईकाकडे गेला, "रात आटून राह्यली," म्हने. नाईकानं त्याले दारातूनच परत धाडलं.

वैशाखात इहीर कोरडी ठन्न पडली, तळाले चिखल बी राह्यला नाई. एक दिवस सांजच्याले मी ढोरं घेऊन घराकडे चाललो होतो, त अमरसिंग एकटाच इहिरीवर बसलेला.

"इहिरीत थेंब नाई, कायले बसला बावा?"

"रात माही हाये, मारोतराव. मी उठलो का फुल्या येऊन बसन. आंधीच केवढुशी राह्यली, ते बी त्याले फुकट देऊ का?"

फुलसिंगच्या आंगनातून घोरन्याचा आवाज येत होता, नवरा-बायको दोघायचा. मी म्हनलं, "बसा," अन ढोरं हाकलली.