पांढरं पाणी निवळेपर्यंत

मुलांझे डोंगराच्या पायथ्याला नामुलेंगा गावात सार्वजनिक नळ एकच, आणि त्याची किल्ली अठ्ठावीस वर्षं एनिफाच्या कमरेला. डोंगरातल्या झऱ्यापासून गावापर्यंतचा पाइपाचा चर त्याच्याही कितीतरी वर्षं आधी गावकऱ्यांनीच खणला होता. तेव्हा एनिफा बारा वर्षांची होती, आणि खणणाऱ्यांना भाजलेली रताळी पोचवता पोचवता निम्मी तीच खायची.

नळावर विचारले जाणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच. पाण्याला औषधाचा वास का येतो? ऑक्टोबरच्या ऐन उन्हाळ्यात धार करंगळीएवढी का होते? आणि सगळ्यांत लाडका प्रश्न, पाणी पांढरं का? चहामळ्यावर नव्यानं आलेली एखादी बाई दुधासारखं पाणी बघून बादली ओतायला निघाली, की एनिफाचा पारा चढायचा.

"ओतू नकोस गं बये! डोंगरावरून पळत आलंय, दम लागलाय त्याला. खाली ठेव बादली आणि पोरांची नावं घे. नावं संपेस्तोवर निवळतंय."

आणि निवळायचंच. तळापासून वर वर पाणी स्वच्छ होत यायचं, आणि बाई एकेक नाव घ्यायची. प्रत्येक नावाला रांगेतली मागची बाई म्हणायची, "आहे." पोर शाळेत असो, शहरात ब्लांटायरला असो, नाहीतर सीमेपार खाणीत असो, "आहे." वारलेल्या पोराचंही नाव घ्यायचंच, पण त्याला कुणी उत्तर देत नसे. सगळ्या जणी तेवढा वेळ गप्प उभ्या राहत. कधी, कुणी सुरू केलं हे, कुणास ठाऊक.

एनिफाची नावं चार. फान्युएल, आहे. लुसिया, आहे. बिटन, शांतता. आणि तेरेझा. तेरेझा अकरा वर्षांपूर्वी जोहान्सबर्गला कामाला म्हणून गेली. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग काहीच नाही. पण नळावर तिचं नाव निघालं, की मागे उभी असलेली मलिता ठणकावून म्हणायची, "आहे!" ही मलिता म्हणजे एक नंबरची भांडखोर, रांगेत घुसणारी, बादली पुढं सरकवणारी. पण या एका शब्दाला ती कधी चुकली नाही. एनिफा तेवढ्यावर दिवस काढायची.

मग घरोघरी नळ यायला लागले. पहिला नळ कुणाच्या अंगणात? शेजारच्या मलिताच्याच! रांग दर महिन्याला आखडत गेली. एनिफानं मलिताशी बोलणं टाकलं. तेरेझाच्या नावाला आता मागं असेल ती बाई 'आहे' म्हणायची. शेवटी रांगेत तिघी उरल्या आणि पाण्याच्या ऑफिसातून फ्रॅक्सन नावाचा तरुण कारकून सायकलवरून आला. हातात छापील कागद होता, नेहमीच्या प्रश्नांचा आणि त्यांच्या उत्तरांचा.

"आजी, सोमवारी हा नळ बंद होणार. फान्युएलदादांनी तुमच्यासाठी अर्ज भरलाय, तुमच्या अंगणात नळ बसतोय. काही शंका असतील तर विचारा, सगळी उत्तरं आहेत यात."

"पाणी पांढरं का येतं?"

"हवा असते. मिनिटभर ठेवलं की जाते."

"मिनिट कसं मोजायचं?"

फ्रॅक्सन हसला. "आजी, तुम्ही पण ना! आता दारात नळ. रांग नाही, वाट बघणं नाही."

"ते कळलं रे बाबा. पण मग 'आहे' कोण म्हणणार?"

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. "हा प्रश्न यादीत नाही, आजी," तो हळूच म्हणाला. पोरगा वाईट नव्हता.

सोमवारी नळ बंद झाला. एनिफानं किल्ली काढून दिली, आणि त्या रात्री कंबर उगाचच हलकी वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या नव्या नळाखाली तिनं बादली लावली. पाणी आलं तेच, पांढरंफेक. बादली खाली ठेवून ती समोर बसली.

"फान्युएल," ती म्हणाली. कुणी काही बोललं नाही. फान्युएलचा कालच फोन आला होता, म्हणून भीती वाटली नाही. "लुसिया." लुसिया तर पलीकडच्याच गावात होती. "बिटन." इथं गप्प राहायचंच असतं.

चौथं नाव ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. घेतलं आणि उत्तर आलं नाही तर? शांतता म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. नाव न घेताच उठावं आणि बादली आत न्यावी, असं तिच्या मनात आलं. पण अकरा वर्षांत लेकीचं नाव टाकून ती एकदाही उठली नव्हती. पाणी अर्ध्यापर्यंत निवळलं. वरचा पांढरा थर पातळ होत चालला.

"तेरेझा," ती म्हणाली. इतकं हळू, की आपलं आपल्यालाच जेमतेम ऐकू आलं.

सगळं गप्प. कोंबडीसुद्धा ओरडेना.

"मोठ्यानं बोल की!" कुंपणापलीकडून आवाज आला. मलिता आपल्या नळाशी बादली लावून बसली होती. "फान्युएलपासून कान देऊन बसलेय मी. चौथं नाव कुठं गिळलंस?"

एनिफा उठून उभी राहिली. दोन वर्षांचा अबोला तिच्या लक्षातही राहिला नाही.

"तेरेझा!" ती ओरडली.

"आहे!" मलिता तिच्याहून मोठ्यानं ओरडली. "आहे गं, फान्युएलच्या आई! आता माझी सात नावं घेतेय. उत्तर दे नीट, अलीकडं मला ऐकू कमी येतं."