पहिली धार

“पोतं गाडीवरून उतरायचं नाही! आधी निळा कॅन अर्धा कसा झाला ते सांगा, मग ज्वारी.” थोरल्या सुनेनं पोत्यावर हातच ठेवला.

धाकटा दीर भट्टीपुढं घाम पुसत उभा. जुन्या गिरणीच्या जागेत त्यानं रीतसर परवाना काढून दारूचा कारखाना टाकला होता. तांब्याचं मोठं भांडं, वळणाची नळी, अन् गाळायची ती याच शिवारातली लाल ज्वारी. शिवारात सगळ्यात टपोरी ज्वारी थोरलीची. पण तिनं आधीच बजावलं होतं, “भावजी, पहिली धार माझ्यादेखत ओतून टाकायची.” लोक पहिल्या धारेची म्हणून मिटक्या मारतात, पण विष उतरतं ते त्याच धारेत. कुठल्याशा चोरट्या भट्टीवर तीच पिऊन तिचा नवरा आधी डोळ्यांनी गेला, मग जिवानिशी.

काल त्या पहिल्या धारेचा छोटा निळा कॅन गळ्यापर्यंत भरलेला तिनं पाहिला होता. “उद्या ओतू,” दीर म्हणाला होता.

“सांडलं असेल, वहिनी.”

“जमीन तर कोरडी ठणठणीत! सांडलेल्याला काय पाय फुटले? मजुरांना विकलंत ना?”

“आईशप्पथ नाही!”

“मग नजर का चोरताय?”

दिराची नजर मागच्या खोलीकडं गेली. थोरली तरातरा तिकडं निघाली. खाटेवर सासरा पाय पसरून बसलेला, अन् उशाखाली बाटली.

“गुडघ्याला चोळतो गं, सूनबाई. हाडं ठणकतात. मीच धाकट्याला म्हटलं, तुझ्या कानावर घालू नको.”

“चोळताय का ढोसताय?”

“सासऱ्याला असं विचारतात?”

“पोटच्या पोराला माती दिलीत, मामंजी. आता लाज कसली? आ करा.”

म्हाताऱ्यानं धाकट्याकडं पाहिलं. धाकटा खाली बघत होता. शेवटी म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. थोरलीनं वाकून हुंगलं. तंबाखू. नुसती तंबाखू. ती खाटेच्या कडेवर टेकली.

“एकदा ओठापर्यंत नेली होती,” म्हातारा पुटपुटला. “थोरल्याला त्यात काय गोड लागलं ते कळावं म्हणून. नाही धजलो.”

ती उठली. कॅन अन् बाटली दोन्ही तिनं उकिरड्यामागच्या खड्ड्यात उपडी केली, वर फावड्यानं माती ओढली.

परत आली तर दिरानं मधल्या, चांगल्या धारेचा पेला पुढं केला. “पिऊ नका. वास तरी घ्या. तुमच्याच रानाचा माल आहे.”

तिनं नाक मुरडतच पेला धरला. खळ्यावर उन्हात तापलेल्या कणसांचा वास आला. छान आला, अन् त्याचाच तिला राग आला. तिनं पेला आपटला.

“ज्वारी उतरवा. पण ओतेपर्यंत पहिली धार कुलपात, अन् किल्ली आजपासून माझ्या कमरेला.”

“अजून भरवसा नाही ना, वहिनी?”

“तुमच्यावर आहे हो, भावजी. हा वास इतका गोड येतोय ना, त्याच्यावर नाही.”