दोन बोटांएवढा घास

मी या घराच्या मागच्या अंगणातली शेगडी. शेगडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी लहानसं, सुबक येईल. मी तशी नाही. चांगली अंगापिंडाने दांडगी आहे. कारण माझा जन्म पिंपाचा. दोनशे लिटर खाद्यतेल पोटात घेऊन गावोगाव फिरले, तेल संपलं आणि भंगारात येऊन पडले. तिथे एका वेल्डरने मला पाहिलं. बोटाच्या पेराने टकटक केलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "पत्रा चांगला आहे."

कारखान्यात या वेल्डरला सगळे उस्ताद म्हणायचे. उस्तादांनी मला तीन दिवस सोड्याच्या पाण्याने धुतलं, आडवं पाडलं आणि लांबीत चिरलं. वरच्या भागाचं झाकण झालं, खालच्या भागाचं पोट. चार पाय, दोन बिजागऱ्या, एका बाजूला धुराडं, दुसऱ्या बाजूला हवेची झडप, झाकणावर उष्णता दाखवणारी तबकडी. मग काहीही न शिजवता मला दिवसभर नुसतंच पेटवून ठेवलं. जुना रंग जळाला, तेलाचा वास गेला. संध्याकाळी मी कोणीतरी वेगळीच झाले होते.

त्यानंतर दर रविवार माझा. उस्ताद सकाळी सातला निखारे करायचे, ते एका अंगाला सारायचे आणि दुसऱ्या अंगाला बोकडाच्या बरगड्यांच्या अख्ख्या पट्ट्या ठेवायचे. खाली विस्तव नाही, नुसती ऊब आणि धूर. सहा-सहा तास! त्यांचा एकच नियम होता, झाकणाला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.

"झाकण उघडलं की वीस मिनिटं वाया," ते बायकोला बजावायचे.

बायको गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाईचं काम करायची. रविवारी ती पायरीवर बसून काज-बटणं करायची आणि म्हणायची, "लग्न माझ्याशी केलंत की हिच्याशी?" मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग एका वर्षी रविवार बंद झाले.

उस्तादांच्या गालात आतून जखम झाली होती. कित्येक महिने ती त्यांनी वेल्डिंगच्या मुखवट्याआड लपवली. विचारलं की दाढ दुखते म्हणायचे. शेवटी दवाखान्यात न्यावं लागलं. गालाचा आतला भाग आणि जबड्याचा तुकडा काढला, नंतर महिना-सव्वा महिना किरणांचे उपचार झाले. हे सगळं मला कळलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून. ती माझ्या डोक्यावरच उघडते. आठ महिने मला कोणी हात लावला नाही. पोटात जुनी राख तशीच होती. तिच्यात पाणी गेलं आणि राखेने मला आतून खायला घेतलं. झडप गंजून घट्ट बसली.

उस्ताद घरी आले तेव्हा नाकात नळी होती. पुढे ती निघाली, पण तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. बोललेलं कळेना, म्हणून पाटी आणून दिली. बायको सूप द्यायची, दूध द्यायची, कुस्करलेला बटाटा द्यायची. दोन चमचे झाले की ते मान फिरवायचे.

एका शनिवारी बायको डॉक्टरांकडून आली ती दारातच बसली. उस्तादांच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"काय म्हणाले?"

"सोमवारी वजन करणार आहेत. आणखी कमी भरलं तर नळी परत घालणार."

आत पाटीवर खडू करकरला. बायको उठून बघायला गेली. मग तिने मोठ्याने वाचलं, "बरगड्या."

"डोकं फिरलंय याचं!" ताई म्हणाल्या. "ज्याला दूध गिळवत नाही त्याला हाडं चघळायची आहेत?"

बायकोने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. दाताने तोडावं लागणार नाही, दोन बोटांत दाबलं की विरघळेल, असं मऊ असेल तरच द्या, असं ते म्हणाले. तिखट नाही, आंबट नाही, आणि घास घेताना कोणीतरी शेजारी हवं.

रविवारी सकाळी सातला झाकण उघडलं, आणि माझ्यावर हात होता तो बायकोचा. मला धडकी भरली होती. आठ महिन्यांचा गंज अंगावर घेऊन मी काय शिजवणार?

तिने राख खरवडली, मला घासून काढलं. दोन पट्ट्या आणल्या होत्या. हाडांच्या बाजूचा पातळ पापुद्रा तिने कापडाच्या चिमटीत धरून सर्रकन ओढला, अस्तर उसवावं तसा. मीठ आणि साखर चोळली. मिरचीच्या डब्याकडे गेलेला हात मागे घेतला. निखारे डावीकडे, पट्ट्या उजवीकडे. मधे, पट्ट्यांची चरबी झेलायला, पाण्याचा ट्रे ठेवायचा असतो. तो तिने ठेवला, पण एक कड उचललेली राहिली. मला जाणवलं. सांगणार कशी?

अर्ध्या तासात निखारे मरायला लागले. झडप बंद, मला श्वासच घेता येईना. धुराड्यातून पांढरा, कडवट धूर निघाला. खिडकीत उस्ताद येऊन उभे राहिले होते. त्यांनी चमच्याने गजावर ठण्‌ ठण्‌ वाजवलं आणि हातोडीची खूण केली. बायकोने हातोडी आणून झडपेवर घाव घातला, एक, दोन, तीन. चौथ्या घावाला झडप सुटली आणि सताड उघडली. पण परत लावायला गेली तर लागेना. तबकडीवरचा काटा एकशे दहावर थांबायला हवा होता. तो एकशे साठला गेला, मग एकशे ऐंशीला.

"जास्त होतंय का हो?" तिने खिडकीकडे बघून विचारलं. खिडकीत कोणी नव्हतं.

तिने करायला नको तेच केलं. घाबरून झाकण उघडलं. तिरक्या ट्रेमध्ये साठलेली चरबी कधीची निखाऱ्यांवर ठिबकत होती. तिला मोकळी हवा मिळाली आणि भक्‌कन जाळ उठला, पार तिच्या दंडापर्यंत. ती मागे पडली. ताई आतून पाण्याची बादली घेऊन धावल्या.

"पाणी नको!" बायको ओरडली. चरबीवर पाणी पडलं की आग अंगावर येते, एवढं तिने पायरीवर बसून ऐकलेलं होतं. पण मग काय करायचं, ते तिला सुचेना. निखाऱ्यांजवळची पट्टी माझ्या डोळ्यांदेखत पेटली.

तेवढ्यात दार आपटलं. आठ महिन्यांत ज्यांनी अंगणात पाऊल टाकलं नव्हतं ते उस्ताद अनवाणी बाहेर आले. खांद्यावरची शाल त्यांनी ताईंच्या बादलीत बुचकळली, एका हाताने माझं झाकण धाडकन पाडलं, धुराड्याचं टोपण ओढलं आणि ओली शाल बोळा करून झडपेत कोंबली. मग तिथेच उभे राहिले, माझ्यावर हात टेकून. धापा टाकत होते. मी तापलेली होते, तरी त्यांनी हात काढला नाही. शेवटी बायकोनेच तो धरून बाजूला घेतला.

पंधरा मिनिटांनी झाकण उघडलं तेव्हा एक पट्टी कोळसा झाली होती. दुसरी बचावली होती.

"झालं तेवढं पुरे," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "अगं, ही राहिलेली कुकरमध्ये टाक. चार शिट्ट्या होऊ देत. लोण्यासारखी होईल. पाहिजे तर मग घटकाभर शेगडीवर ठेव. त्याला काय कळणार आहे?"

बायकोने पट्टीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. तिचं मन डळमळलं, मला दिसत होतं. "अहो, उद्या सोमवार आहे," ती म्हणाली. "ताई म्हणतात ते खरं आहे. इथे आणखी चुकलं तर हातात काहीच उरणार नाही."

उस्तादांनी पाटी मागितली. खडू बराच वेळ चालला. पाटी भरली तेव्हा त्यांनी ती बायकोला न देता ताईंच्या पुढ्यात धरली. ताईंनी अडखळत वाचलं, "जिभेला चव कळत नाही. मीठ कळत नाही, साखर कळत नाही. नाक तेवढं शाबूत आहे. कुकरमधल्याला वास नसतो. माती गिळल्यासारखं वाटतं."

ताईंनी पाटी परत दिली. मग पदर नाकाला लावून आत गेल्या आणि येताना एक स्टूल घेऊन आल्या. माझ्या झडपेशेजारी ठेवून म्हणाल्या, "बस बाळ्या इथे. हिला काही सांगायचं असेल तर खूण कर."

बायकोने डोळे पुसले, ट्रे सरळ बसवला, धुराड्याचं टोपण उघडलं. "बसा," ती म्हणाली, "पण झाकणाला हात लावायचा नाही."

उस्तादांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. दुसरं अर्धं अजून हलत नव्हतं.

पुढचे तास मी विसरणार नाही. उस्ताद ओली शाल बोटभर ओढायचे, पुन्हा बोटभर सरकवायचे, आणि तबकडीचा काटा एकशे दहावर टाचून ठेवल्यासारखा उभा. धूर आता निळसर आणि बारीक झाला. तीन तासांनी बायकोने पट्टी ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पत्र्यात गुंडाळली, हाडं उकळून केलेलं कोमट पाणी आत ओतलं आणि कडा दुमडल्या. तिच्या दुमडीतून वाफ सुटेल कशी? आयुष्यभर कापडाच्या कडा दुमडत आलेला हात तो.

दोन तास झाले. तिने पत्रा उघडून मांस दोन बोटांत दाबलं. "नाही." अर्ध्या तासाने पुन्हा. "नाही." उन्हं भिंतीवर चढली. उस्तादांचा चेहरा पांढरा पडत चालला होता, पण ते स्टुलावरून उठेनात. मी माझ्या परीने जेवढी ऊब देता येईल तेवढी देत होते. एकही निखारा उगाच भडकू दिला नाही.

तिसऱ्या वेळी तिने हाडाचं टोक धरलं आणि नुसतं उचललं. हाड एकटंच वर आलं. स्वच्छ, पांढरं. मांस जागच्या जागी राहिलं.

"ताई, वाटी!"

वरची काळी, टणक साल तिने काढून टाकली. आतलं मांस काट्याने उकललं, त्याच्याच रसात भिजवलं. लहान मुलांचा चपटा चमचा घेतला. दोन बोटांच्या फटीतून तो जेमतेम आत गेला.

"हनुवटी छातीला लावा. आता गिळा. पुन्हा गिळा."

उस्तादांनी गिळलं. आणि ठसका लागला.

मी पुष्कळ आवाज ऐकलेत. घणाचे, करवतीचे. पण तो खोकला नको. ते पुढे वाकले, मान लाल झाली, डोळे बाहेर आले. ताईंच्या हातातला पाण्याचा पेला गडगडत माझ्या पायाशी आला. बायकोने एक हात त्यांच्या छातीवर ठेवला, दुसऱ्याने खांदा धरला. "खोका. जोरात खोका. मी आहे. आणखी." तिचा आवाज स्थिर होता.

मग खोकला थांबला. एक लांब श्वास ऐकू आला.

बायकोने चमचा खाली ठेवला. "राहू द्या," ती म्हणाली. "उद्या नळी तर नळी. असलं काही मला परत नको."

उस्तादांनी वाकून ताटातलं ते पांढरं हाड उचललं. नाकाशी धरलं, डोळे मिटले. मग ओठांच्या फटीत त्याचं टोक धरून चोखत बसले. शांतपणे, वेळ आपलाच असल्यासारखे. आणि डोळे न उघडताच दुसऱ्या हाताने त्यांनी वाटी पुढे केली.

तासाभरात अकरा चमचे गेले. मधे दोनदा खोकला आला, दोनदा गेला.

सोमवारी काय झालं ते मला ताईंच्या फोनवरून कळलं. अंगणात येऊन त्या कोणाला तरी मोठ्याने सांगत होत्या, "वाढलं नाही गं, पण कमीही झालं नाही! डॉक्टरांनी आठ दिवस दिलेत!" ते आठ दिवस घरच्यांनी मला रोज पेटवलं. मासे, भाज्या, भोपळा, जे मिळेल ते माझ्या धुरात मऊ केलं. नळी परत आली नाही.

याला आता चार वर्षं झाली. उस्तादांचं तोंड तीन बोटं उघडतं. बोलणं नवख्याला कळत नाही, पण घरात सगळ्यांना कळतं, मलाही कळतं. मी मात्र थकले आहे. बुडाला गंजाने भोकं पडली. गेल्या आठवड्यात उस्ताद ठिगळाचा पत्रा घेऊन आले. त्यांचा हात पूर्वीसारखा स्थिर नाही, म्हणून बायकोने दुसरा मुखवटा चढवला आणि पकडीने पत्रा दाबून धरला. ठिणग्या उडाल्या तेव्हा तिने मान वळवली नाही.

घरच्यांनो, तुम्हाला माझं एकच मागणं आहे. रविवार संपला की माझी राख काढत जा आणि आतून तेलाचा हात फिरवत जा. एवढं केलंत तर हे ठिगळ पुष्कळ टिकेल.

आज शनिवार आहे. आत तिघांचा वाद जुंपलाय. ताई म्हणतात दोन पट्ट्या पुरतील, बायको म्हणते तीन. आणि ज्याचं बोलणं नवख्याला कळत नाही, तो सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणतोय, "चार!"