बादलीतून निघालेला वेंदेलीन

मी कार्प बोलतोय. होय, मासाच. माझं तोंड सारखं उघडझाप करत असतं, म्हणून लोकांना वाटतं हा नुसता पाणी पितोय. पाणी कसलं पितोय! जन्मभर बडबडतोय मी, पण ऐकतंय कोण?

माझा जन्म चेक देशात, बोहेमियाच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या मोठ्या तळ्यात झाला. खाऊनपिऊन सुखी घर होतं आमचं. तळाशी मऊ चिखल, वर वेळेवर दाणे टाकणारी माणसं. हळूहळू अंगावर सोनेरी खवले आले, ओठांशी मिशा लोंबायला लागल्या, आणि मला वाटायला लागलं की आपण फारच देखणे आहोत. नेमकं तेव्हाच तळ्याचं पाणी सोडून दिलं. पानगळीच्या दिवसांत सोडतातच. कमरेपर्यंत रबरी कपडे घातलेली माणसं जाळं घेऊन उतरली. काठावर बँड वाजत होता, लोक वाफाळती दारू पीत टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, माझा सत्कार आहे.

सत्कार झाला तो टाकीच्या ट्रकमध्ये. आम्ही सगळे दाटीवाटीने, एकमेकांच्या शेपट्या तोंडात घेऊन प्रागला पोहोचलो. इथे नाताळच्या जेवणाला घरोघरी कार्पच लागतो, म्हणून नाताळ आला की प्रागच्या रस्त्यांवर आम्हा माशांचे मोठे निळे टप मांडतात आणि त्यांच्यासमोर माणसांची रांग लागते. टपाशी उभा असलेला लालबुंद हातांचा माणूस प्रत्येकाला एकच विचारायचा, "मारून देऊ की जिवंत?"

"जिवंत!" एकाने अशा आवाजात सांगितलं की सगळी रांग वळून बघायला लागली. कानटोपी घातलेला, गोल पोटाचा म्हातारा होता. नाव बोहुश. आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेला. "मी स्वतः मारणार. आमच्याकडे घरचाच माणूस मारतो."

"घरचा माणूस!" शेजारी उभी असलेली त्याची बायको क्वेता म्हणाली. "तुझ्या हातून आजवर एक डास मेला नाही. मारायचा तो ओताकर."

"ओताकर आता नाहीये ना," बोहुश म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला. मग खाकरून तो म्हणाला, "हेडविका वहिनीला शब्द दिलाय मी. सगळं दरवर्षीसारखं होणार म्हणजे होणार."

ओताकर हा बोहुशचा थोरला भाऊ. त्याच वसंतात गेला होता. दर नाताळला बोहुश आणि क्वेता प्रागहून जिवंत कार्प घेऊन त्याच्या गावी जायचे. ओताकर मासा घेऊन मागच्या अंगणात जायचा, लाकडी हातोड्याचा एक धप्प आवाज यायचा, आणि तो हसत हसत तुकड्यांनी भरलेली परात घेऊन आत यायचा. बोहुशला भावाचा त्या एका गोष्टीसाठी भारी अभिमान होता. यंदा तो हातोडा बोहुशच्या हातात असणार होता आणि हातोड्याखाली मी.

थोडं पाणी भरलेल्या पिशवीत घालून त्यांनी मला ट्राममधून घरी नेलं. प्राग मी असं पाहिलं: पूल, दिवे, मनोरे, आणि सगळं वाकडंतिकडं. मग मला बाथटबमध्ये सोडलं. आमच्याकडे मासा चवीला चिखलाचा लागू नये म्हणून त्याला आधी घरात पाहुणा करतात, आणि त्या पाहुण्यापायी घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी बंद होतात. क्वेता स्वयंपाकघरातल्या नळाखाली डोकं धूत होती. बोहुशने तर धुण्याचा नादच सोडला होता.

पण माणसांची खोड काय सांगू! दात घासायला आले की टबच्या कडेवर बसायचे आणि बोलायला लागायचे. पहिल्या दिवशी क्वेता म्हणाली, "मिशा बघ याच्या. अगदी आमच्या शाळेच्या वेंदेलीन मास्तरांसारख्या."

"नाव ठेवू नकोस!" बोहुश बाहेरून ओरडला. "दरवर्षी सांगतो, नाव ठेवू नकोस!"

"मी कुठे ठेवलं? मी नुसतं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोहुश स्वतःच दार ढकलून आत आला, टबमध्ये डोकावला आणि हळूच म्हणाला, "काय वेंदेलीन, झोप लागली का?" तेव्हाच त्याचं काम बिघडलं. मला मात्र बरं वाटलं. तळ्यात आम्ही हजारो होतो, पण मला कुणी कधी हाक मारली नव्हती.

चोवीस डिसेंबरला सकाळी मला झाकणाच्या बादलीत घालून आम्ही आगगाडीत बसलो. झाकणाला भोकं पाडली होती. त्यातून मला खिडकीतला बर्फ दिसत होता, काळी झाडं, धुराडी, एखादं कांद्याच्या आकाराचा घुमट असलेलं देऊळ. प्रवासाची मजा आली असती, पण डब्यातली माणसं! त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उपास धरतात. जो नीट धरतो त्याला म्हणे भिंतीवर सोनेरी डुकराचं पिल्लू दिसतं. सकाळपासून उपाशी असलेली माणसं आणि समोर बादलीत मासा, मग दुसरं काय बोलणार?

"बियरमध्ये शिजवा," एक आजोबा म्हणाले.

"छे! काळा रस्सा करा. सुके आलुबुखार घालून," त्यांच्या समोरच्या बाई म्हणाल्या.

"पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचा. बाकी सगळे चोचले," तिसऱ्याने निकाल दिला. त्याच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं होतं की मी त्यात पोहलो असतो.

तेवढ्यात तिकीट तपासायला एक उंच बाई आली. तिने झाकण उचललं. "हे काय?"

"वेंदेलीन," क्वेता पटकन म्हणून गेली.

"नाव आहे? मग हा पाळीव झाला. पाळीव प्राण्याला कुत्र्याचं तिकीट लागेल. जेवणासाठी नेत असाल तर सामान, त्याला काही लागत नाही. काय लिहू?"

मी बादलीत कल्ले आवरून वाट बघत राहिलो.

"पाळीव," क्वेता म्हणाली.

"जेवण," बोहुश म्हणाला.

"दोघं मिळून ठरवा. मी पुढचा डबा करून येते," बाई म्हणाली आणि गेली.

क्वेता नवऱ्याकडे बघत राहिली. "तुला त्याच्या डोळ्यांत बघून हातोडा उचलता येणार आहे का? खरं सांग."

"आणि वहिनीकडे बघून काय सांगू? की ओताकर गेला आणि त्याच्याबरोबर नाताळही गेला? ती एकटी बसली आहे तिथे, क्वेता. तिच्या टेबलावर आज मासा नसला तर ती काही बोलणार नाही. नुसती बसून राहील. ते मला बघवणार नाही." बाई परत आली तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "सामान लिहा."

खरं सांगतो, मला राग आला नाही. मला त्याची दया आली. पण थोडी माझीही आली.

मधल्या एका गावी गाडी बदलायची होती. स्टेशनासमोर चौकात नाताळचा बाजार भरला होता, मधाच्या केकचा वास दरवळत होता. बोहुशने हापशावर माझं पाणी बदललं. बोटं गारठून निळी पडली तरी पाण्यात हात घालून बघत होता, फार थंड तर नाही ना. "अरे, संध्याकाळी मारायचाय ना त्याला?" क्वेता म्हणाली. गाडीतल्या त्या वादापासून तिने त्याच्याशी काढलेला तो पहिला शब्द. त्याने झाकण लावलं.

दुपार कलताना आम्ही क्रासोव्हेकला उतरलो. लहानसं गाव, छपरांवर बर्फाच्या दुलया, आणि वर टेकडीवर गड. हिवाळ्यात गड बंद असतो. किल्ल्या मात्र हेडविकाकडे असतात, कारण ती आणि ओताकर गडाचे राखणदार होते. पायथ्याच्या घराच्या दारात उंच, काटक हेडविका उभी होती. तिने दोघांना मिठी मारली, बादलीत डोकावली आणि म्हणाली, "मोठा आणलास, बोहुश. हातोडा मागे ठोकळ्यावर ठेवलाय. ओताकरचा ॲप्रनही तिथेच आहे." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. क्वेता पुढच्या खोलीत जाऊन कानांवर हात ठेवून बसली.

अंगणात मी आणि बोहुश. त्याने ॲप्रन बांधला, तो त्याला गुडघ्याखाली आला. त्याने मला ओल्या फडक्यात धरून ठोकळ्यावर ठेवलं. हवा अशी बोचत होती की काय सांगू. त्याने हातोडा उचलला. मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या डोळ्यांना पापण्याच नाहीत हो, बघण्यावाचून आम्हाला दुसरं काही करताच येत नाही.

हातोडा खाली आला, पण बर्फात. बोहुशने मला लगबगीने बादलीत टाकलं आणि तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. "नाही जमत, वहिनी!" तो दाराकडे तोंड करून ओरडला. "माफ कर मला. मी ओताकर नाही!"

स्वयंपाकघराचं दार उघडलं. हेडविका कमरेवर हात ठेवून उभी होती. मला वाटलं, आता हीच मारणार. पण ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग नक्की काय चाललंय ते तिलाही कळेना.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "ओताकरला तरी कुठे जमलं?"

बोहुशने मान वर केली.

"एकही मासा नाही मारला त्याने. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळला असाच इथे बसला होता, तुझ्याच जागेवर. मग दरवर्षी आदल्या दिवशी खाटकाकडून तुकडे आणून तळघरात लपवायचा. आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून ठोकळ्यावर हातोडा हाणायचा, धप्प!"

"पण मला तर तो म्हणायचा..."

"तुला काय सांगणार? धाकटा भाऊ कौतुकाने बघतोय म्हटल्यावर कुणाला खरं सांगवेल? मला म्हणायचा, बोहुशला कळलं तर माझी लाजच जाईल."

बोहुशने नाक पुसलं. "मग आज तू मला का पाठवलंस इथे?"

"बघत होते खिडकीतून. काल मीच तुकडे आणून ठेवलेत."

"आणि मी खरंच मारला असता तर?"

"तर काय," हेडविका म्हणाली, "दोन्ही खाल्ले असते!"

ऐकलंत? माझा जीव असा टांगणीला होता आणि ह्यांना विनोद सुचत होते.

क्वेताने येऊन मला बघितलं आणि बादलीसकट बोहुशला मिठी मारली. बोहुश म्हणाला, चला, नदीत सोडू. त्यावर हेडविकाने त्याला असं झापलं की बास. "शहरी माणसं तुम्ही! दया दाखवायची म्हणून बर्फाच्या पाण्यात ढकलता, आणि तो बिचारा गारठून दोन दिवसांत मरतो." तिने गडावरच्या झऱ्याचं पाणी आणून ठेवलं होतं. ते ती मगाने थोडंथोडं माझ्या बादलीत ओतत राहिली, माझ्या अंगाला सवय होईपर्यंत. हेही ओताकरनेच शोधून काढलं होतं म्हणे. मग दिवेलागणीला तिघं मला घेऊन टेकडी चढली. मोठी किल्ली कुरकुरली, दार उघडलं. खालच्या चौकात दगडी टाकं आहे, त्याच्या तळाशी झरा आहे, म्हणून ते कधी पूर्ण गोठत नाही. बोहुशने बादली कलती केली. पाण्याखालून जाडजूड, शेवाळलेल्या पाठी हळूच वर आल्या.

"हे सगळे मीच आणलेले?" बोहुश म्हणाला. "मी तर यांना खाल्लं असं समजत होतो." आणि तो ओणवा होऊन एकेकाला नावाने हाका मारायला लागला. त्याला सगळ्यांची नावं आठवत होती.

तेव्हापासून मी इथेच आहे. वर बर्फाची साय, खाली झऱ्याचं कोमट पाणी, आणि सोबतीला म्हातारी मंडळी, ज्यांना वाटतं की गड आपलाच आहे. दर नाताळला बोहुश नवा मासा घेऊन येतो आणि आता उघडउघड, ताठ मानेने टेकडी चढतो.

पण त्या पहिल्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. ती तिघं खाली परतली, आणि थोड्या वेळाने वाऱ्याबरोबर तळणीचा वास टाक्यापर्यंत आला. कोण होता तो, त्या तळणीतला? माझ्यासारखाच कुणी असणार, अशाच तळ्यातला, मिशाळ. त्याला खाटकाने उचललं आणि सरळ कापलं, मध्ये बाथटब नाही, दात घासताना गप्पा मारणारं कुणी नाही. मी इथे आहे तो देखणा म्हणून नाही, एका बाईला मास्तरांच्या मिशा आठवल्या म्हणून आहे.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागतो. पुढच्या नाताळात निळ्या टपापुढे रांगेत उभे राहिलात, तर आधी एकाला नाव ठेवून बघा. त्यानंतर भूक लागली, तर खुशाल खा.