कोरा फोन

मेलेला फोन आमच्या ह्यांच्या हातात आला की मुकाट्यानं चालू होई. दुरुस्तीच्या दुकानात आयुष्य गेलं, पण गिऱ्हाइकाच्या खासगी गोष्टींत ह्यांनी कधी नाक खुपसलं नाही. सगळे दुकानदार असे नसतात. गिऱ्हाइकाची पाठ वळली की त्याच्या बायकोचे फोटो काउंटरवर फिरतात, हे ह्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्या पाहण्यानंच आमचा घात केला.

लेकीच्या ऑफिसातल्या साहेबानं तिचा चेहरा कुठल्यातरी उघड्या बाईच्या अंगावर चिकटवला, आणि ते फोटो खोट्या खात्यावरून तिलाच पाठवले. एकटी भेट, नाहीतर सगळ्या ऑफिसला दाखवतो, असं वर लिहिलेलं. लिहिण्याच्या धाटणीवरून तिनं त्याला ओळखला. पोर रडली, पण खचली नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून मैत्रिणीला पाठवले आणि जेवताना आम्हाला सांगितलं, "उद्या पोलिसांत जाते." मला तिचा अभिमान वाटला. हे मात्र घास हातात धरून बसले.

सकाळी ती आंघोळीला गेली आणि ह्यांनी तिचा फोन कोरा केला. नुसता डिलीट नव्हे, सगळी विद्या पणाला लावून.

"अहो, हे काय करून बसलात?"

"फोन चौकीत जाणार, लॅबमध्ये जाणार, जो तो उघडून बघणार," हे म्हणाले. "लोक काय बघतात ते मला विचार."

लेक बाहेर आली आणि फोन पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघू लागली. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

तक्रार तिनं तरीही केली. तोवर साहेबाचा फोन सोयीस्करपणे हरवला होता आणि खोटं खातंही गायब झालं होतं. खटला उभा राहिला, पण सरकारी वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

"स्क्रीनशॉट म्हणजे नक्कल. कोर्ट अस्सल मागणार, आणि लॅबला त्या फोनमध्ये काही सापडत नाही. वडिलांनी पुसला हे खरं सांगितलंत तर न्यायाधीश कदाचित नक्कलही मान्य करतील. पण पुरावा नष्ट केला म्हणून त्यांच्यावरही खटला होऊ शकतो."

"होऊ दे," हे म्हणाले. "मी सांगतो."

पण साक्ष आधी लेकीची होती. आरोपीचा वकील साखरेत घोळून बोलणारा.

"ताई, फोन कोणी पुसला? वडिलांचं दुकान याच कामाचं ना? मग हे स्क्रीनशॉटही तिथेच तयार झाले का?"

मागच्या बाकावरून हे उठायला लागले. शिपायानं खांदा दाबून खाली बसवलं. लेकीनं ते पाहिलं.

"मी पुसला," ती म्हणाली.

"का?"

तिला उत्तर सुचलं नाही. वकिलाला तेवढंच हवं होतं. वकीलबाई नंतर ह्यांना म्हणाल्या, "आता तुम्ही वेगळं सांगितलंत तर तीच खोटी ठरेल." झालं, ह्यांचं तोंड कायमचं बंद झालं.

संशयाचा फायदा मिळून साहेब सुटला. कोर्टाच्या जिन्यावर आमच्या शेजारून गेला, फोनवर कुणाशीतरी हसत. माझ्या अंगाची लाही झाली. हे मात्र लेकीकडेच बघत होते.

"का खोटं बोललीस गं? मी सांगणार होतो ना?"

"तुम्हाला तुरुंगात बघायचं नव्हतं मला." ती म्हणाली. "पण बाबा, ते फोटो मला कोर्टात दाखवायचे होते. न्यायाधीशांना, वकिलांना, सगळ्यांना. मला त्यांची लाज वाटत नव्हती. तुम्हाला वाटत होती."

हे तिथेच पायरीवर बसले. एरवी दोघांचं बिनसलं की मी मध्ये पडते, ह्यांची बाजू सावरून घेते. त्या दिवशी मी लेकीचा हात धरला आणि जिना उतरू लागले.