अल्फोंसीन मावशीच्या घराखालची माती

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हांला खरं वाटणारच नाही. एका बाईचं दुमजली घर, ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीसकट, मी माझ्या पोटात घालून वाचवलं आहे! हसा. या प्रयोगशाळेत सहलीला येणारी सगळीच मुलं आधी हसतात.

मी एक जुनी नळी आहे. पोलादाची, दीड हात लांब, मूठभर रुंद. आज माझ्यात छत्र्या ठेवतात, पण माझा जन्म जमिनीखालची माती वर आणण्यासाठी झाला. कारखान्यात मला इतकी पातळ केली की एकदा माझ्या धारेवर माशी बसली आणि उडाली तेव्हा दोन माश्या होत्या. पातळ असणं हाच आमचा मोठेपणा. जाड नळी मातीत शिरते ती तिला ढकलत, चेपत. आम्ही अशा शिरतो की मातीला वाटावं, कुणी पांघरूण घातलं.

आमच्या नदीकाठची माती साधीसुधी नाही. दहा हजार वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी ती कणाकणाने बसत गेली. तिचे कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे आहेत. धक्का न लावता राहू दिली तर डोक्यावर घर पेलते. घुसळली की तिचं सूप होतं. मी पहिल्यांदा खाली गेले तेव्हा तिने डोळेसुद्धा न उघडता मला विचारलं, "देवमासे गेले का गं?" मी म्हटलं, "कधीच गेले. झोप तू."

अल्फोंसीन मावशीचं घर अगदी काठावर. लग्न होऊन ती तिथे आली त्याला छप्पन्न वर्षं झाली होती. त्या वसंतात पुराने तिच्या परसातला काठ थोडा खाल्ला आणि गावच्या कचेरीने हुकूम काढला, घराखालची माती तपासा. माती कच्ची निघाली तर घर पाडायचं.

माती काढायला या प्रयोगशाळेतला रोझेर आला. तोच नळी खाली दाबायचा आणि तोच गाडी हाकायचा. पहिल्या खेपेला माझी थोरली बहीण गेली होती. बिचारी! तिने माती छान काढली, ओल टिकावी म्हणून दोन्ही तोंडांना मेणही लागलं. पण रोझेरने तिला गाडीच्या मागे आडवी टाकली.

"अरे, सांभाळून ने," मावशी ओसरीवरून ओरडली.

"मावशी, माती आहे ती, अंडी नव्हेत!"

एप्रिल महिना. बर्फ वितळून रस्त्यांची नुसती चाळण झालेली. त्यात मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करणाऱ्या गुऱ्हाळांचे दिवस. रोझेरने सरळ रस्ता सोडला आणि जंगलातल्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळाकडे गाडी वळवली. बर्फावर ओतलेला गरम पाक काडीला गुंडाळून त्याने तीनदा खाल्ला. इकडे बहीण बटाट्यांच्या पोत्याशी टकरा घेत होती, आणि तिच्या पोटात दहा हजार वर्षांची झोप मोडत होती.

प्रयोगशाळेत घाई होती. जोर लावून तिच्यातली माती बाहेर ढकलली आणि यंत्रात दाबली. माती लोण्यासारखी बसली. अहवाल गेला, आणि मावशीला पत्र आलं: एक जुलैपर्यंत घर रिकामं करा.

दुसऱ्याच दिवशी मावशी इथे हजर. इथल्या प्रमुख गिस्लेनबाई कागद पुढे करून म्हणाल्या, "मावशी, तुमची माती लोण्यासारखी आहे. मी तरी काय करू?"

"माझ्या घरात लोणी मी घुसळते, गिस्लेन! ते न घुसळता होत नाही. माझी माती कुणी घुसळली ते आधी सांग!"

गिस्लेनबाई तडक उठल्या. उरलेली माती काढून त्यांनी तारेने उभी चिरली. आतले थर कडेला वाकून चुरगळले होते. मग त्यांनी नळी उचलून पाहिली, तर तिच्यावरची चिठ्ठी बोटाला चिकटली. बाईंनी बोट चाटलं.

"रोझेर, इकडे ये. हा पाक कुठला रे?"

"मेव्हण्याकडचा," रोझेर जमिनीकडे बघत म्हणाला. "यंदा रंग फार छान उतरलाय, बाई."

"रंग राहू दे. या बाईचं घर जाणार होतं, तुझ्या पाकापायी आणि माझ्या घाईपायी. सही माझी आहे." त्यांनी अहवाल मागे घेतला आणि नवी माती आणायला सांगितलं.

आणि मित्रांनो, दुसऱ्या खेपेला गेले ती मी! अशी हळू उतरले की वाटेतल्या गांडुळानेही मान वर केली नाही. या वेळी मावशी स्वतः गाडीत बसली. खाली उशी, उशीवर मी उभी, आणि मला मावशीने दोन्ही हातांनी धरलेलं.

"हळू! पुढे खड्डा आहे!"

"मावशी, सगळा रस्ताच खड्ड्यात आहे. कुठला चुकवू?"

"सगळे चुकव. आणि गुऱ्हाळाकडे मान वळवलीस तर मानच धरीन!"

अर्ध्या तासाच्या वाटेला अडीच तास लागले. मागे गाड्यांची रांग लागली. मावशी खिडकीतून हात काढून सगळ्यांना सांगत होती, "थांबा रे, माझं घर चाललंय!"

इथे गिस्लेनबाईंनी या वेळी माती ढकलली नाही. करवतीने नळीचे वीतभर तुकडे केले, मग बारीक तार फिरवून माती अलगद सोडवली. यंत्राखाली ती ताठ उभी राहिली. भार वाढत गेला तरी हूं की चूं नाही. पहिलीच्या दुप्पट भार पेलून मग ती कडाडून मोडली, बिस्किटासारखी. अशी मोडते तीच जागची, न बिघडलेली माती. रोझेरने टोपी काढली. मावशी रडत रडत म्हणाली, "मोडली गं बाई, मोडली!" काठाला दगडांचा बांध घाला, घर राहू द्या, असा नवा अहवाल गेला. मावशी आजही त्या ओसरीवर झुलते.

म्हणून मित्रांनो, खोलातून काही वर आणाल तेव्हा ते हळू आणा, उभं धरा, वाटेत गोडाला भुलू नका. आणि माझ्यासारख्या जुन्या नळीला नुसती छत्र्यांची जागा समजू नका. एक अख्खं घर मी...

"थांब, थांब," सहलीच्या मुलांत पुढे बसलेली सोलेन उठून उभी राहिली. "दुसऱ्या नळीचे तर करवतीने तुकडे केले ना? मग तू अख्खी कशी गं? पहिली नळी तूच!"